हाफकिन : मराठी मुलखावरचे एक ऋण

माणसाचे नाव इमारतीला दिले की पुढे पुढे माणूस विसरला जातो आणि इमारत तेवढी उरते. मुंबईच्या परळ भागातील हाफकिन संस्थेचे असेच झाले आहे. सर्पदंशावरचे औषध म्हणा, पोलिओचे थेंब म्हणा, या निमित्ताने हाफकिन हे नाव पालमसारख्या तालुक्याच्या गावापर्यंत पोचले आहे. परंतु हे एका माणसाचे आडनाव आहे, आणि तो माणूस इंग्रज नव्हता, हिंदी नव्हता, इतकेच काय पण वैद्यकाची पदवी घेतलेला डॉक्टरही नव्हता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

मी कला शाखेचा विद्यार्थी. इतिहास हा माझा विषय. सूक्ष्मदर्शक यंत्राशी माझा संबंध शाळेपुरताच. तरीही वार्षिकांकासाठी मी एका शास्त्रज्ञाचे चरित्र निवडले, याला कारण आहे. राजे, लढाया आणि तह यांच्याइतकाच रोगांनीही आपल्या मुलखाचा इतिहास घडविला आहे. माझी आजी तिच्या सासूकडून ऐकलेल्या गोष्टी सांते, त्यांत गाठीच्या रोगाची गोष्ट हमखास असते. घरात उंदीर पडू लागले की लोक गाव मोकळे करून रानात जात, आखाड्यावर कडब्याच्या खोपी घालून राहात आणि चावडीवर दिवा लावायलाही माणूस उरत नसे. त्या काळी आपला परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. रोगाला मात्र संस्थानाची हद्द माहीत नव्हती. त्या गाठीच्या रोगावर, म्हणजे प्लेगवर, पहिली उपयोगी लस ज्याने मुंबईत बसून तयार केली, तो हा हाफकिन.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर आज युक्रेन देशात आहे. तेव्हा ते रशियाच्या झारच्या सत्तेखाली होते. शालेय शिक्षण बेर्द्यान्स्क या बंदराच्या गावी झाले आणि १८७९ मध्ये ते ओडेसाच्या विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांना एक गुरू लाभला. प्राणिशास्त्राचे प्राध्यापक इल्या मेचनिकॉफ हे ते गुरू. हाफकिन यांचे पुढचे सारे आयुष्य या एका भेटीने घडविले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

मेचनिकॉफ यांना एक प्रश्न पडला होता. अमीबासारखा एकपेशी जीव अन्नाचा कण आपल्या अंगात ओढून घेतो आणि पचवितो. मोठ्या प्राण्यांच्या शरीरातही अशाच सरपटत फिरणाऱ्या पेशी आहेत. त्या तेथे काय करतात? १८८२ मध्ये सिसिली बेटावरील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगात बारीक काटा खुपसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिले. काट्याभोवती फिरत्या पेशींची गर्दी जमली होती. परका पदार्थ शरीरात शिरला की या पेशी त्याच्यावर धावून जातात आणि तो गिळू पाहतात, हे त्यांनी ओळखले. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंच्या बाबतीत हेच करतात. यांनाच भक्षक पेशी हे नाव मिळाले. शरीराचे स्वतःचे सैन्य असते, ही कल्पना येथून जन्मास आली.

विद्यार्थी हाफकिन मात्र केवळ प्रयोगशाळेत रमणारा नव्हता. झारच्या जुलमाविरुद्ध उभ्या राहिलेल्या क्रांतिकारक तरुणांशी त्याचे संबंध होते. १८८१ मध्ये ओडेसात ज्यू वस्त्यांवर हल्ले झाले, तेव्हा संरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत तो होता. त्यात तो जखमी झाला, त्याला अटक झाली आणि मेचनिकॉफ यांनी रदबदली केल्यावर त्याची सुटका झाली. पुढे पदवी मिळाली, संशोधन झाले. पण विद्यापीठात प्राध्यापक व्हायचे तर ज्यू धर्म सोडून ख्रिस्ती व्हा, असा आग्रह आला. हाफकिन यांनी धर्म सोडला नाही, नोकरी सोडली. काही वर्षे ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काम करून १८८८ मध्ये ते स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे आणि १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. मेचनिकॉफ तेथे आधीच पोचले होते. संस्थेत जागा एकच रिकामी होती, ती ग्रंथालयातील. पुढे जगात नाव काढलेला हा शास्त्रज्ञ दिवसा पुस्तके लावी आणि उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शकापुढे बसे.

या काळात त्यांनी हाती घेतलेला विषय फारसा कोणी सांगत नाही, आणि मला तर तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डबक्याच्या पाण्यात पॅरामिशियम नावाचा चपलेच्या आकाराचा एकपेशी जीव असतो. विज्ञान शाखेच्या मित्रांनी तो पाहिला असेल. या एवढ्याशा जीवालाही रोग होतो. त्याच्या पेशीच्या आत, अगदी केंद्रकात, त्याहून सूक्ष्म असे परोपजीवी जंतू ठाण मांडून बसतात आणि वाढतात. हाफकिन यांनी १८९० मध्ये या जंतूंचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यांना होलोस्पोरा हे नाव दिले. ते आजही शास्त्रात चालते. भक्षण करणारी पेशी शत्रूला गिळते, हे गुरूने दाखविले होते. गिळलेला शत्रू कधी कधी पेशीतच घर करून राहतो, हे शिष्याने जवळून पाहिले. जंतू आणि पेशी यांच्यातला हा झगडा पुढे त्यांच्या आयुष्याचा विषय झाला.

त्या सुमारास युरोपात आणि आशियात पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, थैमान घातले होते. हाफकिन यांनी कॉलऱ्याचे जंतू घेऊन लस तयार केली. ती माणसाला अपाय करणार नाही, हे सिद्ध कसे करायचे? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग मोडून आले, आणि काही दिवसांत उतरले. मग त्यांच्या काही रशियन मित्रांनी टोचून घेतली. पण पॅरिसमध्ये बसून लसीची खरी परीक्षा होणार नव्हती. हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये इंग्लंडचे राजदूत होते. त्यांच्या साहाय्याने हाफकिन यांना हिंदुस्थानात जाण्याची परवानगी मिळाली आणि मार्च १८९३ मध्ये ते कलकत्त्यास उतरले.

परका माणूस, हाती सुई, आणि सुईत रोगाचेच जंतू! लोकांनी त्यांच्यावर दगड फेकले, यात नवल नाही. तेव्हा हाफकिन आणि त्यांच्याबरोबरचे हिंदी डॉक्टर लोकांसमक्ष आधी स्वतःला टोचून घेत. सक्ती त्यांनी केली नाही. गावोगाव हिंडून दोन-सव्वादोन वर्षांत सुमारे ४२,००० लोकांना त्यांनी लस दिली. टोचलेले किती, न टोचलेले किती, दोहोंत आजारी किती आणि मेले किती, याच्या नोंदी ते काटेकोरपणे ठेवीत. या वणवणीत त्यांना हिवतापाने गाठले आणि १८९५ मध्ये काही काळ युरोपात परतावे लागले. पुढच्याच वर्षी ते पुन्हा आले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी एका विलक्षण तापाचे रोगी पाहिले आणि हा प्लेग आहे, असे निदान केले. पाहता पाहता शहर ओस पडू लागले. पुढचा इतिहास आपण शाळेत शिकलो आहोत. रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. पुण्यात घरांच्या झडत्या घेण्याचा जुलूम असह्य होऊन २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. हा सारा काळ संतापाचा आणि भीतीचा होता. त्याच काळात भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत आणि तिच्यापुढच्या पडवीत, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या बळावर, सरकारने बोलावून आणलेला हाफकिन काम करीत होता.

त्यांची पद्धत वाचताना मला गंमत वाटली. मांसाच्या पाण्यात प्लेगचे जंतू वाढवायचे. पण लोकांच्या धर्मभावना दुखावू नयेत म्हणून गोमांस किंवा डुकराचे मांस न वापरता बकऱ्याचे मांस घ्यायचे. त्या पाण्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. त्या थेंबांना धरून जंतूंची वाढ झुंबरासारखी खाली लोंबू लागे. मधून मधून भांडे हलविले की ती तळाशी बसे आणि नवी वाढ सुरू होई. काही आठवडे असे वाढविलेले जंतू उष्णतेने मारून त्यांची लस करीत. आपल्या घरातले तूप त्या लढाईत असे उपयोगी पडले!

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही प्रथम स्वतःलाच टोचली, तीही नेहमीच्या मात्रेहून कितीतरी अधिक. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्मे कैदी आपखुषीने लस घ्यावयास पुढे आले. पुढच्या काही दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जणांना रोग झाला आणि ६ जण दगावले. टोचलेल्यांपैकी दोघे आजारी पडले, मृत्यू एकही झाला नाही. १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंधेरा गावी त्यांनी प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस दिली. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ मेले. न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि त्यांतले २६ मेले.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ त्यांच्याकडे पाहात राहिलो. एकाच घरातला एक भाऊ वाचला आणि दुसरा गेला, असा या आकड्यांचा अर्थ आहे. आजच्या नीतिनियमांत हा प्रयोग कितपत बसेल, याची मला शंका आहे. परंतु लस उपयोगी आहे की नाही, हे छातीठोकपणे सांगायचे तर लस घेतलेल्यांच्या शेजारी न घेतलेल्यांची मोजदाद ठेवावीच लागते, हे शिस्तीचे काम त्या धामधुमीत त्यांनी केले, हेही तितकेच खरे.

येथे क्षणभर थांबून, शरीरात नेमके काय घडते, ते आजच्या ज्ञानाच्या आधारे पाहू. प्लेगचा जंतू उंदराच्या अंगावरील पिसवेच्या दंशातून माणसाच्या कातडीत शिरतो. तो शिरताच मेचनिकॉफ यांनी पाहिलेल्या भक्षक पेशी धावून येतात. त्यांच्यातल्या काही पेशी गिळलेले जंतू बहुधा मारून टाकतात. पण दुसऱ्या काही थोराड भक्षक पेशी आहेत, त्यांच्या पोटात हा जंतू मरत नाही. चोराने पाटलाच्या वाड्यातच मुक्काम ठोकावा, तसा तो राखणदाराच्या पोटातच राहतो आणि वाढतो. माणसाच्या अंगाच्या उबेत त्याच्याभोवती एक चिकट कवच तयार होते. त्याच पेशीत बसून तो जांघेतील, काखेतील किंवा मानेतील लसिका ग्रंथींपर्यंत पोचू शकतो. ग्रंथी सुजते. हीच ती गाठ. मग तो पेशी फोडून बाहेर पडतो आणि आता कवच चढल्यामुळे नव्या भक्षक पेशींना सहजी गिळता येत नाही.

प्लेगचा जंतू पेशीत थोडा काळ दडतो. काही जंतूंनी तर तेथे कायमचा संसार मांडलेला असतो. क्षयाचे आणि कुष्ठरोगाचे जंतू भक्षक पेशीत वर्षानुवर्षे राहतात. काळ्या आजाराचा परोपजीवी तेथेच वाढतो. हिवतापाचा परोपजीवी आधी यकृताच्या आणि मग रक्ताच्या तांबड्या पेशीत शिरतो. आणि तांबडी पेशी बिचारी मुकी, आपल्या आत शत्रू आहे हे बाहेर सांगण्याची खूणच तिच्यापाशी नसते. इतर पेशींपाशी ती असते. आत शिरलेल्या जंतूचे तुकडे त्या आपल्या पृष्ठभागावर मांडून दाखवितात. टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी गस्त घालताना ते तुकडे ओळखतात. मग त्यांतल्या काही पेशी इंटरफेरॉन-गॅमा नावाचे द्रव्य सोडून भक्षक पेशीला जणू हत्यार देतात आणि ती आपल्या पोटातला शत्रू मारू लागते. दुसऱ्या काही टी-पेशी शत्रूसकट ती बिघडलेली पेशीच नष्ट करतात. आणि शत्रू मरतच नसेल तर क्षयरोगात होते तसे पेशींचे कडे त्याच्याभोवती पडते व त्याला कोंडून ठेवले जाते.

रक्तात प्रतिपिंडे नावाची द्रव्येही असतात. ती मोकळ्यावर सापडलेल्या जंतूला चिकटून त्याला निकामी करतात. पेशीच्या आत त्यांचा हात पोचत नाही. म्हणजे बाहेरच्या शत्रूसाठी एक शस्त्र आणि घरात शिरलेल्यासाठी दुसरे. प्रतिपिंडांचा पक्ष पॉल एर्लिख यांनी मांडला आणि पेशींचा मेचनिकॉफ यांनी. १९०८ मध्ये दोघांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले. पेशीत लपलेल्या जंतूंना टी-पेशींच्या मदतीने कसे मारले जाते, हे स्पष्ट व्हायला मात्र १९६० नंतरची वर्षे उजाडावी लागली. लस म्हणजे या सैन्याला शत्रूची आगाऊ ओळख करून देणे. मारलेल्या जंतूंची लस मुख्यतः प्रतिपिंडे निर्माण करते. म्हणूनच हाफकिन यांची लस गाठीच्या प्लेगात मृत्यू पुष्कळ कमी करी, पण फुप्फुसाच्या प्लेगापुढे तिची मात्रा फारशी चालत नसे. हाफकिन यांना टी-पेशी माहीत नव्हत्या. त्यांच्याजवळ होती ती मोजदाद; आणि लसीने किती वाचतात व किती वाचत नाहीत, हे दोन्ही ते नोंदवीत होते.

लसीची मागणी वाढली. तरुण आगाखान यांनी स्वतः लोकांसमोर टोचून घेतले, प्रयोगशाळेला जागा दिली आणि त्यांच्या पंथाच्या हजारो लोकांनी लस घेतली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. हाफकिन तिचे प्रमुख झाले. वयाच्या चाळिशीच्या आत हा निर्वासित ज्यू तरुण आशियातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेचा धनी झाला होता. सरकारी वैद्यकीय खात्यातील काही गोऱ्या अधिकाऱ्यांना हे रुचत नव्हते. वैद्यकाची पदवी नाही, इंग्रज नाही, आणि आम्हांला शिकविणार?

अशा वेळी तो आघात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ लोकांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मृत्यू पावले. बाकीच्या बाटल्यांमधून टोचलेल्यांना काही झाले नाही. धनुर्वाताचे जंतू त्या एका बाटलीत आले कोठून? मुंबईच्या प्रयोगशाळेतून की मुल्कोवालच्या मैदानातून?

सरकारने चौकशी समिती नेमली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश तिचे प्रमुख होते. हाफकिन यांनी लस निर्जंतुक करताना कार्बोलिक आम्लाची जुनी पद्धत बदलून केवळ उष्णतेवर भर दिला होता. ही पद्धत पॅरिसच्या पाश्चर संस्थेत रूढ होती. तरी समितीने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांना प्रमुखपदावरून दूर केले गेले आणि १९०४ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला.

आणि पुरावा काय होता? बाटली भरून ४१ दिवस झाले होते. धनुर्वाताचे जंतू एवढे दिवस बाटलीत वाढले असते तर ती उघडताना दुर्गंधी आली असती. उघडणाऱ्या डॉक्टरला तशी दुर्गंधी आली नव्हती. शिवाय ते बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता नुसता औषधी पाण्यात बुचकळून वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आज शाळकरी मुलालाही माहीत आहे. हे सारे कागदोपत्री नोंदलेले असूनही निकाल उलटा लागला. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा तपासून बाटली उघडतेवेळीच दूषित झाली असावी, असे मत दिले. हा कागदही लवकर उजेडात आला नाही.

हाफकिन यांच्या बाजूने जे उभे राहिले, त्यांत रोनाल्ड रॉस हे प्रमुख होते. मराठवाड्याच्या वाचकाला हे नाव परके वाटू नये. २० ऑगस्ट १८९७ रोजी हिवतापाचा परोपजीवी डासाच्या पोटात रॉस यांनी पाहिला, तो सिकंदराबादेस, म्हणजे तेव्हा आपला जिल्हा ज्या संस्थानात होता त्याच हैदराबाद संस्थानात. १९०२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालेल्या या माणसाने हाफकिन यांच्यावरील अन्यायाविरुद्ध लेखणी उचलली. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्स या पत्रात दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. सरकारला नमते घ्यावे लागले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन निर्दोष ठरले.

निर्दोष ठरले, पण परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. ती दुसऱ्याच्या हाती गेली होती. कलकत्त्यास एका लहानशा प्रयोगशाळेत त्यांची नेमणूक झाली. तेथे माणसांवर नव्या लसींची चाचणी घेण्याची त्यांना मुभा नव्हती. ज्याने दोनदा स्वतःच्या देहावर प्रयोग केले, त्याला कागदावर काम करीत वर्षे काढावी लागली. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले आणि युरोपात परतले. त्यांनी लग्न केले नव्हते. उत्तर आयुष्यात ते धर्मचिंतनाकडे वळले आणि आपली शिल्लक संपत्ती त्यांनी ज्यू मुलांच्या धार्मिक शिक्षणासाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

एक समाधान त्यांना हयातीत मिळाले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. १८९७ पासून त्या वर्षापर्यंत मुंबईतून त्यांच्या प्लेग लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीटही काढले.

प्लेग गेला, असे आपण मानत होतो. ऑगस्ट १९९४ मध्ये मराठवाड्यातच, बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या तापाचे रोगी सापडले आणि महिन्याभरात सुरतेहून प्लेगची बातमी आली. किल्लारीचा भूकंप होऊन वर्ष झाले होते. तोपर्यंत प्रतिजैविके हाताशी असल्यामुळे १८९६ ची पुनरावृत्ती झाली नाही. पण स्टेशनांवर लोंढे लोटले, तोंडाला रुमाल बांधले गेले, अफवा उठल्या. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या साथीत हे आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिले. लस घेतली की माणूस मरतो, असे खेड्यापाड्यांतून कुजबुजले गेले. भीतीचे स्वरूप सव्वाशे वर्षांत फारसे बदललेले नाही.

त्या भीतीला हसण्यात अर्थ नाही. मुल्कोवालची १९ माणसे खरोखरच मेली होती. त्यांच्या घरच्यांना कोणी काय उत्तर दिले असेल? लोकांना लसीची भीती वाटते तेव्हा त्यांना खरी माहिती हवी असते, आणि काही चुकले तर चूक कोठे झाली हे प्रामाणिकपणे शोधणारे कोणी हवे असते. हाफकिन यांनी पहिली गोष्ट आयुष्यभर केली. दुसरी गोष्ट करण्याची वेळ सरकारवर आली, तेव्हा चिमटा आणि बाटलीचा वास यांपेक्षा माणसाची जात, देश आणि पदवी यांच्याकडे अधिक पाहिले गेले असावे, असे हा सारा वृत्तान्त वाचून माझे मत झाले आहे. ज्याने प्रत्येक दाव्याच्या शेजारी उलट बाजूची मोजदाद मांडली, त्याच्याच बाबतीत उलट बाजू पाच वर्षे बाजूला पडली.

मित्रांनो, शरीराच्या सैन्याला शत्रू ओळखायला शिकवावे लागते, हे हाफकिन यांचे शास्त्र. समाजालाही खरे-खोटे ओळखायला शिकावे लागते, आणि ते काम इतिहास, न्याय व भाषा शिकणाऱ्या आपल्यासारख्यांच्या वाट्याला येते. कागद तपासणे, दोन्ही बाजू मांडणे, उशीर झाला तरी खऱ्याची बाजू घेणे, हे करायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. आपल्या मुलखाने हाफकिन यांचे नाव इमारतीवर कोरले आहे. त्या नावामागच्या माणसावर काय गुदरले, हे माहीत करून घेणे एवढे तरी ऋण आपण फेडू शकतो.